आजी सांगते ते आणि कागद सांगतो ते : आपल्या घराण्याचा इतिहास तपासताना

मागच्या भीमजयंतीला आमच्या गावच्या विहारासमोर मी भाषण केले. उत्साहाच्या भरात म्हणाले, "माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात महार रेजिमेंटमधून लढले. आणि त्यांच्याही आधी आमच्या घराण्यातला पूर्वज १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या रणांगणावर होता." टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका जुन्या कार्यकर्त्यांनी मला बाजूला घेतले आणि अगदी हळू आवाजात विचारले, "पोरी, महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ ला, बेळगावात. पहिलं महायुद्ध संपलं १९१८ ला. मधली तेवीस वर्षं तुझा पणजा कुठं होता?"

मला उत्तर देता आले नाही. मी समाजशास्त्रात एम.ए. केले आहे. प्राथमिक साधने, दुय्यम साधने, मौखिक इतिहास, सगळे परीक्षेत लिहून आले आहे. पण आपल्याच घरातली गोष्ट तपासावी असे मला कधी वाटले नव्हते. लहानपणापासून ऐकली होती, म्हणून ती खरी होती.

त्या प्रश्नामुळे पुढचे दीड वर्ष मी कागद शोधत फिरले. त्यात जे सापडले, जे सापडले नाही आणि जे सापडूनही एकमेकांशी भांडत राहिले, ते इथे मांडते. चळवळीतल्या तरुणांनी हे वाचावे असे वाटण्याचे कारण सरळ आहे. आपला इतिहास आपणच लिहायचा असे आपण म्हणतो. मग तो लिहिताना चूक झाली तर ती काढणारा माणूसही आपलाच असला पाहिजे. समोरच्याने काढली तर तो त्या एका चुकीवरून आपला सगळा इतिहासच खोटा ठरवायला बसलेला असतो.

आधी फौजेचे सांगते. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात एक 'फौजी' पूर्वज असतो आणि त्याची रेजिमेंट नेहमी 'महार रेजिमेंट' असते. पण तारखा वेगळे बोलतात. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात आपले लोक मोठ्या संख्येने होते. मग १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला, लढवय्या जाती आणि बिगरलढवय्या जाती असा भेद करून इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला, पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेपर्यंत अर्ज केला. भरती पुन्हा उघडली ती महायुद्धात माणसे कमी पडू लागल्यावर. १९१७ मध्ये '१११ महार' नावाची पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडूनही टाकली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ची, आणि ती उभी राहण्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता.

हे चार टप्पे माहीत असले तर घरातल्या गोष्टीची पहिली चाळणी घरी बसूनच होते. कुणी म्हणाले, 'आमचे खापरपणजोबा १९०५ साली फौजेत भरती झाले', तर थांबावे. ते अगदीच अशक्य नाही, पण त्या काळात दरवाजा बंद होता, म्हणून पुरावा जास्त भक्कम हवा.

आमच्या बाबतीत पुरावा आत्याच्या ट्रंकेत होता. लुगड्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेले एक पदक. त्याच्या एका बाजूला राजाचा मुखवटा एवढेच सगळ्यांनी पाहिले होते. त्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, हे त्या जुन्या कार्यकर्त्यांनीच मला सांगितले. भिंग लावून पाहिले. नंबर होता, पणजोबांचे नाव होते, पुढे त्यांच्या वडिलांचे नाव होते आणि शेवटी '१११ महार'. म्हणजे घरातली गोष्ट खोटी नव्हती. रेजिमेंटचे नाव तेवढे नंतरचे चिकटले होते. १९४१ नंतर 'महार रेजिमेंट' हे नाव इतके मोठे झाले की आधीची, चार वर्षे जगलेली पलटण त्याच्या पोटात गेली.

इथेच आनंद करून थांबले असते तर बरे झाले असते. पण माझ्या चुलतभावाने कोतवाल बुक काढले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना नंबर १४ मध्ये असतात, त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज केला तर नक्कल मिळते. जुनी पाने बहुतेक मोडीत असतात, त्यामुळे मोडी वाचणारा माणूस लागतो. भावाला मिळालेल्या नोंदीत साल १९०९, बापाचे नाव म्हणजे आमच्या खापरपणजोबांचे, जात महार, आणि पुढे फक्त 'मुलगा'. भावाने लगेच वंशावळीत लिहून टाकले : पणजोबा, जन्म १९०९.

आता हिशेब करा. १९०९ ला जन्मलेला मुलगा १९१७ मध्ये आठ वर्षांचा. आठ वर्षांचा पोरगा पलटणीत जात नाही. मग पदक आमचे नाही, की नोंद आमची नाही? घरात यावरून सरळ दोन पक्ष पडले. नाना म्हणाले, "कागद सरकारी हाय, पदक काय कुणी बाजारात बी घेतं." आत्या म्हणाली, "माझ्या सासू-सासऱ्याचं न्हाई ते, माझ्या बापाच्या घरातनं मी आणलंय. कागद ल्ह्यायला कोण बसलं होतं, तू?"

दोघांच्या बोलण्यात अर्धे अर्धे खरे होते. मी नोंद पुन्हा वाचली. त्यात नावच नव्हते. जन्माची खबर चार-दोन दिवसांत जायची, तेव्हा बारसेही झालेले नसायचे. म्हणून कितीतरी नोंदींत फक्त 'मुलगा' किंवा 'मुलगी' असते. 'पणजोबा' हा शब्द कोतवाल बुकात नव्हता, तो माझ्या भावाच्या डोक्यात होता. कागद चुकला नव्हता, कागदाला आम्ही जे विचारले नव्हते त्याचे उत्तर आम्हीच त्याच्या तोंडी घातले होते.

गाठ सुटली ती तिसऱ्याच ठिकाणी. आमच्या हाडोळ्याच्या जमिनीचा १९३८ चा फेरफार निघाला. खापरपणजोबा वारल्यावर वारसांची नावे लागली होती, वयांसकट. पणजोबांचे वय ४० लिहिले होते आणि त्यांच्या धाकट्या भावाचे ३०. धाकट्या भावाचा जन्म १९०८-०९ च्या सुमाराचा निघतो. म्हणजे कोतवाल बुकातला तो बिननावाचा मुलगा बहुधा हा धाकटा, आणि पणजोबा १९१७ मध्ये एकोणीस-वीस वर्षांचे. फेरफारातली वयेही अंदाजाने सांगितलेली असतात, ४० आणि ३० हे पूर्ण आकडेच सांगतात की कुणी जन्मतारीख पाहून लिहिलेले नाही. म्हणून वंशावळीत मी 'बहुधा' हा शब्द ठेवला आहे. भावाला तो आवडत नाही. त्याला फ्रेम करून लावायची आहे.

वयाचा विषय निघालाच आहे तर शाळेच्या दाखल्याचेही सांगून टाकते. माझे वडील आणि त्यांचे तीन भाऊ, चौघांचाही वाढदिवस १ जून. गुरुजींनी पोरगा शाळेत घ्यायचा, वय बसवायचे आणि १ जून लिहायचे, ही महाराष्ट्रभरची रीत. अशा दाखल्यावरून जन्माचे वर्षसुद्धा एक-दोन वर्षांनी इकडे-तिकडे होते. कायद्याने तीच तारीख खरी आणि त्याच तारखेने निवृत्ती. पण इतिहास लिहिताना तिच्यावर किती भार टाकायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

कोरेगावची गोष्ट मात्र टिकली नाही.

भीमा कोरेगावच्या स्तंभावर मृतांची ४९ नावे आहेत, त्यातली २२ नावे शेवटी 'नाक' असलेली, म्हणजे आपल्या लोकांची. त्या तुकडीत पायदळ पाचशेच्या आसपास होते. त्यात आपले लोक मोठ्या संख्येने होते आणि इतर जाती-धर्मांचेही शिपाई होते. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले ते याच अभिमानाने, आणि तो अभिमान बाळगायला ती बावीस नावे पुरेशी आहेत. पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरातला पूर्वज तिथे होता असे म्हटले तर त्या लढाईला पाचशे नव्हे, पन्नास हजार माणसे लागतील. आमच्या घरात ही गोष्ट कुठून आली? नव्वदीला टेकलेल्या एका चुलत आजोबांना विचारले. ते हसलेच. "म्हातारी म्हणायची, आम्ही कोरेगावचं. पण ते आपलं कोरेगाव, रहिमतपूरकडचं. तिथनं आपलं घराणं हिकडं खटावात आलं." सातारा जिल्ह्यातला कोरेगाव तालुका! मूळ गाव सांगणाऱ्या म्हातारीचे वाक्य दोन पिढ्यांनंतर, जयंतीच्या व्यासपीठावर, शिरूर तालुक्यातल्या रणांगणात जाऊन पोचले. यात कुणी खोटे बोलले नाही. गोष्टीला जिथे मान मिळत होता तिकडे ती सरकत गेली.

वस्त्यांमध्ये काम करताना असे सरकणे मी नेहमी पाहते. 'आमचे आजोबा महाडला होते, मनुस्मृती जाळली आणि तळ्याचं पाणी प्यायले' असे सांगणारे खूप भेटतात. महाडला दोनदा जमणे झाले. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्यायले. मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ ला, आणि त्या डिसेंबरात न्यायालयाचा मनाई हुकूम असल्याने तळ्यावरचा सत्याग्रह बाबासाहेबांनी पुढे ढकलला. म्हणजे आजोबा दोन्ही वेळा गेले असतील, किंवा एकदाच गेले आणि दुसरे ऐकलेले त्यात मिसळले. विचारायला हवे : थंडी होती का ऊन होते? परतताना दगड खाल्ले का? मार्चमध्ये पाणी प्यायल्यावर सवर्णांनी आपल्या लोकांवर हल्ला केला होता. हातात काय घेऊन गेला होता, कुणाबरोबर गेला होता? म्हाताऱ्या माणसाला साल आठवत नाही, पण थंडी आठवते. तसेच दीक्षेचे. 'नागपूरला दीक्षा घेतली' असे सांगणाऱ्या मुंबईच्या कितीतरी घरांनी प्रत्यक्षात ती ७ डिसेंबर १९५६ ला दादरला, बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी घेतली. ती दीक्षा नागपूरच्या दीक्षेपेक्षा कमी आहे का? मग ती तिच्या खऱ्या जागी का सांगू नये?

आता दुसऱ्या टोकाकडे येते, कारण तेही तितकेच घातक आहे. 'कागदावर असेल तेच खरे' म्हणणारे आपल्यातही वाढले आहेत. कागद कुणी लिहिला? गावात जन्म-मृत्यूची खबर घेऊन जाणारा बहुतेक वेळा आपला वतनदार असायचा, लेखणी मात्र दुसऱ्याच्या हातात. आपली नावे त्याने त्याच्या कानाला लागतील तशी आणि तोंडाला येतील तशी लिहिली. आडनाव लिहायची गरज त्याला वाटली नाही, नावापुढे जात लिहिली की काम झाले. आणि ज्यांना आपले तोंडी पुरावे हलके वाटतात त्यांना एक आठवण करून द्यायची आहे. गावाच्या शिवेचा तंटा निघाला की शीव कुठून जाते हे सांगायला कुणाला बोलवायचे? महाराला. त्याच्या शब्दावर शिवा ठरल्या आहेत. तेव्हा चालणारा शब्द आज आपल्याच घराण्याविषयी चालत नाही?

कागदाचा उलटा अर्थ कसा लावला जातो याचे उदाहरण धर्मांतराचे. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध होते २,४८७. १९६१ मध्ये २७,८९,५०१. एवढी माणसे दहा वर्षांत बदलली, पण शाळेची रजिस्टरे त्या वेगाने बदलली नाहीत. १९५८-६० चे दाखले पाहा, त्यात 'हिंदू महार' दिसते. काही ठिकाणी गुरुजींनी सांगूनही बौद्ध लिहिले नाही. काही ठिकाणी घरच्यांनीच लिहू दिले नाही, कारण बौद्ध लिहिले की केंद्राच्या सवलती जात होत्या. त्या बौद्धांना मिळाल्या १९९० च्या दुरुस्तीनंतर. तेव्हा १९५९ च्या दाखल्यात 'हिंदू' आहे म्हणून 'तुमच्या आजोबांनी दीक्षाच घेतली नव्हती' असे म्हणणाऱ्याला विचारा, तो दाखला कशासाठी केला होता? शाळेसाठी केलेला कागद श्रद्धेची साक्ष देत नाही.

बाबासाहेबांच्या आडनावाचा वाद याच जातीचा. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी, १९१४ क्रमांकावर, 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. हाच दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. दुसरीकडे धनंजय कीरांच्या चरित्रासह अनेक ठिकाणी असे येते की मूळ आंबवडेकर हे आडनाव, आंबवडे गावावरून, शाळेतल्या आंबेडकर नावाच्या ब्राह्मण शिक्षकाने बदलून स्वतःचे लावले. एक गट ही गोष्ट सवर्णांच्या उदारपणाचा दाखला म्हणून मिरवतो, दुसरा गट रजिस्टर दाखवून ती साफ खोटी म्हणतो. दोघांनाही उत्तर आधीच माहीत आहे, कागद नंतर आणला आहे. रजिस्टर काय सिद्ध करते? त्या नोंदीत ते आडनाव आहे, एवढेच. ते कुणी सुचवले हे रजिस्टर सांगत नाही. प्रवेशाच्याच दिवशी ते आडनाव लिहिले असेल तर त्या शाळेत दाखल झाल्यानंतर शिक्षकाने ते दिले हे बसत नाही, हा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि मला तो पटतो. पण त्यासाठी मूळ पान पाहावे लागेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोवरून शाई कळत नाही आणि खाडाखोडही.

खुद्द बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत उघड कबूल केले आहे की थेट पुरावा नाही तिथे त्यांनी अनुमानाने दुवा जोडला आहे. विरोधक हे हत्यार म्हणून वापरतील हे त्यांना कळत नव्हते का? तरी त्यांनी लिहिले.

हे सगळे नुसत्या अभिमानापुरते असते तर एवढे लिहिले नसते. गेल्या वर्षी त्याच चुलतभावाच्या मुलीच्या जात वैधतेची फाइल अडकली. इंजिनिअरिंगचा प्रवेश, मुदत जवळ. कागद असे : तिच्या आजोबांचा १९४९ चा शाळेतला उतारा, जात 'महार', आडनाव गावावरून 'कर' लावलेले. वडिलांच्या दाखल्यात 'नवबौद्ध' आणि आडनाव कुळाचे. कोतवाल बुकात आडनावच नाही. तीन कागद, तीन माणसे वाटावीत असे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा महत्त्वाचा, म्हणजे १९४९ चा उतारा सोन्यासारखा. पण तो 'कर' आणि हा आडनाववाला एकच घराणे आहे हे दाखवायचे कसे?

एक दलाल घरी येऊन गेला. म्हणाला, जुन्या रजिस्टरात आडनाव 'चढवून' देतो, रक्कमही सांगितली. भाऊ डगमगला होता, खोटे कशाला सांगू. मुलीचे वर्ष जात होते. मी त्याला एवढेच म्हणाले की खरा कागद एकदा खाडाखोडीने नासला की तो आपल्यापुरता नासत नाही. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांना तोच कागद लागणार आहे, तुझ्या पुतण्याला, त्याच्या पोरांना. उद्या एकाची फाइल संशयात गेली की सगळ्या घराण्याच्या फाइली उघडतात. आणि आपण खरेच महार असताना खोट्या कागदाने ते सिद्ध करायचे?

शेवटी कामाला आला तोच १९३८ चा फेरफार. त्यात एका भावाच्या नावापुढे कुळाचे आडनाव आणि दुसऱ्याच्या नावापुढे गावावरून 'कर' लावलेले, दोघांचा बाप एक. त्याच्या जोडीला त्या नव्वदीच्या आजोबांचे प्रतिज्ञापत्र. आठ महिन्यांनी प्रमाणपत्र आले. प्रवेश पुढच्या वर्षी झाला, कारण मुदत तोवर गेली होती.

फेरफाराच्या त्याच पानावर आणखी एक नाव आहे. वारसांत शेवटी, 'विधवा' म्हणून, खापरपणजीचे. आमच्या अख्ख्या वंशावळीत तिचे नाव कुणालाच माहीत नव्हते, सगळे तिला 'म्हातारी' म्हणायचे. पानाची कड तिथेच वाळवीने खाल्ली आहे आणि मोडी वाचकांनी दोन वाचने दिली : सखी किंवा सकू. माहेरचे गाव अर्थातच लिहिलेले नाही. चुलत आजोबा म्हणतात 'सखू' असेल. आत्या म्हणते, तिने कधी ऐकलेच नाही. वंशावळीत मी तिन्ही लिहिले आहेत, कुणी काय सांगितले आणि कधी सांगितले तेही. पुढच्या महिन्यात रहिमतपूरकडच्या त्या गावात जाणार आहे, तिथले मृत्यूचे रजिस्टर अजून पाहिलेले नाही.

जय भीम.